एकसष्टावं पान

आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका ती टाइप करायची. इतक्या वर्षांत तिच्या घरून एकही प्रश्न बाहेर फुटला नाही. उलट आमच्याच चुका ती हळूच कानावर घालायची. एकदा मला म्हणाली, "बाई, तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाहीये. मुलं बिचारी शोधत बसतील."

गल्लीतली मुलं तिला टकटक मावशी म्हणत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. खिडकीशी टेबल, त्यावर काळं लोखंडी मशीन, आणि आवाज खालच्या बिऱ्हाडाला जरा कमी जावा म्हणून मशीनखाली जुन्या ब्लँकेटची घडी. तिचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. साडेतीन हजार प्रकारचे नटबोल्ट त्यांना जागेनिशी पाठ होते, असं लोक म्हणत. घरीही तोच खाक्या. हत्यारांच्या पेटीत डाव्या कप्प्यात पक्कड, उजव्या कप्प्यात पेचकस. दिवे गेले तरी हात घातल्यावर हवं तेच हाताला लागलं पाहिजे.

निवृत्तीनंतर भाऊंनी आपण होऊन एक काम घेतलं. चारचा चहा झाला की ते मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि ती पेन्सिल घेऊन टाइप केलेलं पान तपासायची. भाऊ विरामचिन्हांसकट वाचत. "अर्जदार स्वल्पविराम वय वर्षे बावन्न स्वल्पविराम राहणार वरीलप्रमाणे पूर्णविराम." जमिनीचा दावा असो की कुणाचा शोधप्रबंध, आवाज एकाच पट्टीत. मी एकदा बसून ऐकलं आणि मला झोप लागली होती.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एक कादंबरी आणून दिली. हिरव्या शाईत, एकशे ऐंशी पानं. जरा लाजूनच त्या म्हणाल्या की प्रेमकथा आहे, तुम्हाला चालेल ना? हिनं हसून सांगितलं की कोर्टाच्या कागदांत याहून काय काय असतं, न चालायला काय झालं.

तिसऱ्या पानावर तिची बोटं थबकली. कथेतल्या बाईचा नवरा भला माणूस, पण कामासाठी परगावी. घरात भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं आणि ते दुरुस्त करायला एक माणूस येतो.

हे सगळं तिनं मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, भाऊ गेल्यावर. मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. म्हणाली, "बाई, कुणीतरी खिडकीतून डोकावून लिहिल्यासारखं वाटलं हो."

कादंबरी आली त्याच्या बावीस वर्षं आधी भाऊंना एक वर्ष कारखान्याच्या दुसऱ्या गावच्या गोदामात पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी एकदा घरी येत. त्या वर्षी हिचं मशीन बिघडलं. खरंच बिघडलं होतं. मेकॅनिक आला, तासाभरात काम झालं, आणि जाताना त्यानं विचारलं, "तुम्ही दिवसभर दुसऱ्यांचंच लिहिता. स्वतःचं कधी काही लिहावंसं वाटत नाही?" हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. पुढच्या महिन्यात तिनं भाऊंच्या पेटीतली पक्कड काढली आणि 'र' उमटवणारी दांडी हलकेच वाकवली. मेकॅनिक पुन्हा आला. त्या वर्षात ती दांडी सात वेळा वाकली.

बोलणं व्हायचं, चहा व्हायचा. एकदा दांडी बसवताना त्याचा हात तिच्या बोटांवर राहिला आणि तिनं बोटं काढून घेतली नाहीत. एवढंच घडलं. मग तो म्हणाला की आपण दूरच्या शहरात दुकान टाकतोय, बुधवारी अकराला येतो, तयार राहा. बुधवारी ती आतून कडी लावून मशीनसमोर बसून राहिली. त्यानं तीनदा दार वाजवलं. मग जिन्यावरून उतरणारी पावलं. संध्याकाळी तिनं दांडी स्वतःच सरळ केली. ती पुरती बसली नाही, 'र' तेव्हापासून ओळीच्या किंचित खाली उमटतो. आमच्या सगळ्या प्रश्नपत्रिकांत तो तसाच आहे. मला वाटायचं मशीन जुनं झालं असेल.

आता तेच सगळं भाऊ, विरामचिन्हांसकट, मोठ्यानं वाचणार होते.

भाऊ बाजारात गेले तेव्हा तिनं सगळी कादंबरी एका बैठकीत वाचून काढली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. कथेतली बाई दार उघडते आणि निघून जाते. वाचताना हिला तिचा राग आला. भल्या माणसाच्या घराला असं कुलूप लावून जातात का? आणि त्याच वेळी स्टेशनवरच्या पानांत तिचा जीव टांगणीला लागला, बाईला गाडी मिळते की नाही म्हणून. गाडी मिळाली तेव्हा ती डॉक्टरीणबाईंवर चिडली. चुकली असती तरी चिडलीच असती. बंडल बांधून ठेवलं आणि दोनदा उठून पुन्हा सोडलं.

सगळ्यात घातकी होतं एकसष्टावं पान. त्यात लिहिलं होतं की घड्याळ बंद पडलेलं नसायचंच. ती बाई स्वतःच लंबक अडकवून ठेवायची, तो यावा म्हणून. बाकीचं कुणाच्याही आयुष्यात घडेल, पण हे? भाऊंनी हे वाचलं आणि मान वर करून आपल्याकडे पाहिलं, तर आपला चेहरा सगळं सांगून मोकळा होईल, याची तिला खात्री होती.

रोज दहा पानं टाइप व्हायची आणि दुपारी वाचून व्हायची. पहिल्या दिवसापासून तिचं अंग चोरून बसणं सुरू झालं. भाऊंचा आवाज जरा अडखळला की पेन्सिल कागदात रुतायची. ते अडखळायचे हिरव्या शाईमुळे. मधेच त्यांची टिप्पणी चालायची. "या बाईला घरात दुसरं काम नाही का गं? आणि नवऱ्याला पत्रंही लिहीत नाही." एकदा म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी भूल न देताच दात काढलाय." ती हसली. हसू वेळेवर आलं की उशिरा, याचाच विचार ती रात्रीपर्यंत करत राहिली. तिला जेवण जाईना. भाऊ म्हणाले की हे काम परत कर, डोळ्यांना त्रास होतोय तुझ्या. परत केलं तर का केलं हे सांगावं लागेल, म्हणून तेही तिनं केलं नाही.

पाचव्या दिवशी तिनं एकसष्टावं पान आधीच टाइप केलं आणि दोन्ही कागद, मूळ आणि टाइप केलेलं, मशीनखालच्या ब्लँकेटच्या घडीत सारले. ते पान आपण एकटीनं तपासायचं आणि भाऊंच्या हाती पुढचं बंडल बासष्टपासून द्यायचं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक वॉशर हरवू दिला नाही, त्याच्यासमोर हा डाव. पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण कुठून असणार?

सहाव्या दिवशी भाऊ साठाव्या पानाच्या तळाशी आले आणि वाचलं, "त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं स्वल्पविराम तिनंच". आणि पान संपलं.

हजारो पानं तपासलेल्या बाईच्या हे लक्षात राहिलं नव्हतं, की वाक्य पुढच्या पानावर जातं.

तिनं घाईनं कागद गोळा करायला घेतले. म्हणाली, आजची दहा झाली, राहू दे.

"वाक्य लोंबकळत ठेवून उठायचं नसतं. एकसष्टावं दे."

तिनं उरलेलं बंडल चाळल्यासारखं केलं. भाऊंनी ते हातातून घेतलं, वरचा आकडा पाहिला. बासष्ट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिला खिडकीतून खाली कुणीतरी बादली ओढत नेतंय ते ऐकू येत होतं.

भाऊ उठले. मशीन दोन्ही हातांनी जरासं उचललं, घडीतून कागद काढले आणि पुन्हा जागेवर बसले. ब्लँकेटची घडी कालपासून तिरकी होती, एवढंच म्हणाले. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. "लंबक अडकवून ठेवला होता पूर्णविराम." लंबकाचं, वाट बघण्याचं, जिन्यावरच्या पावलांचं, सगळं त्याच पट्टीत. तिची पेन्सिल एकाही शब्दाखाली थांबली नाही. ती बघत होती फक्त त्यांच्या हाताकडे.

पान संपलं. भाऊ म्हणाले, "त्या वर्षी मी पंधरा दिवसांनी आलो की पक्कड उजव्या कप्प्यात असायची."

"दांडीवर पकडीच्या दातांच्या खुणा होत्या. लोखंड आपणहून वाकत नाही गं."

तिनं विचारलं, "मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." भाऊंनी कागद मांडीवर ठेवला. ऐकून आपल्याला पुन्हा तिकडे गोदामात जाणं झालं नसतं, असं ते म्हणाले. आणि मग, तिच्याकडे न बघता: "घरी आलो की आधी जिन्याखाली उभा राहायचो. मशीन वाजत असलं की वर यायचो. एकदा ते वाजत नव्हतं, तर चौकापर्यंत जाऊन परत आलो."

ते सांगत असताना, बावीस वर्षं आपण एकटीच घाबरत होतो असं समजणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदा भाऊंची भीती दिसली. ती काय बोलली, तिला आठवत नाही. बुधवारचं, कडीचं, तीन टकटकींचं तिनं सांगितलं एवढं नक्की. भाऊंनी ऐकून घेतलं. मग टाइप केलेलं पान उजेडाकडे धरून म्हणाले की 'र' अजून खाली बसतोय, पण वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला गेले. परत आले तेव्हा चपलांचा आवाज जिन्याखाली आला आणि थांबला. सवयीनं थांबला की थकल्यामुळे, कोण जाणे. त्या दिवसाची पानं अजून काढलेलीसुद्धा नव्हती. मशीन गप्प होतं. हात पुसायलाही न थांबता तिनं मशीनवर कोरा कागद चढवला आणि वाजवायला सुरुवात केली.