दोन पाकिटांतली झोप

त्या दुपारची आठवण झाली की आजही माझे डोळे जड होतात. केज तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. नांदूरघाटकडचा एक मेंढपाळ तक्रार घेऊन आला. रानात बसल्या जागी त्याला गुंगी आली, जाग आली तेव्हा मेंढरं गायब. त्याआधी मेव्हण्याने त्याला चहा दिला होता.

"त्यानंच कायतरी घातलं, साहेब. दुसरं कोन?"

मेव्हण्याला चौकशीसाठी आणलं. तक्रारदाराची बायको मागोमाग आली आणि व्हरांड्यात बसली. एकीकडे नवरा, एकीकडे सख्खा भाऊ. बाईने बघायचं कुणाकडे?

तेवढ्यात शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली होती. एकही कमी नव्हतं. तरी गडी ऐकेना.

"मंग मला गुंगी कावून आली?"

प्रश्न रास्त होता. मेव्हण्याला दरडावून विचारलं. तो एकच म्हणत राहिला, "साखर-पत्तीबिगर काय न्हाई घातलं."

मी सकाळपासून शिंकून शिंकून बेजार. जबाब अर्धाच राहिला. मेंढपाळाला माझी दया आली. त्याने अंगातल्या बंडीच्या खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली.

"मलाबी लई सर्दी व्हती. ही मेडिकलातली, ही किराणा दुकानातली. मी दोनी घेतल्या, तुमीबी घ्या."

घेतल्या. खाकी अंगावर चढली म्हणून अक्कल येतेच असं नाही.

थोड्या वेळाने समोरची भिंत मऊ झाली. कडुलिंबाची सावली खिडकीतून आत येऊन टेबलावर पसरली. मेंढरं फायलींवरून संथ चालली होती, पायांचा आवाजच नाही. "थांबा" म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. फार लांबून, पाण्याखालून, कुणीतरी "साहेब, साहेब" म्हणत होतं.

हवालदाराने खांदा हलवला तेव्हा ऊन उतरलं होतं. आयला! मला तर कुणी चहा पाजलाच नव्हता. पाकिटं सरकारी दवाखान्यात पाठवली. डॉक्टर म्हणाले, "नावं दोन, आतलं झोप आणणारं औषध एकच. नाक थोडं सुकतं, सर्दी तिच्या वेळेनंच जाते. दोन्ही एकदम घेतल्यावर माणूस झोपणारच."

मेव्हण्याला सोडलं. मेंढपाळ ओशाळून बायकोला म्हणाला, "गोळीनं घात केला बघ."

ती उठली. "झोप गोळीनं आली. माज्या भावाचं नाव तुमी जागेपनी घेतलं." आणि भावाबरोबर माहेरच्या वाटेला लागली.

माझी सर्दी आपली आपण गेली. पुढे कुणी तक्रारीत घरच्याच माणसाचं नाव घेतलं, की मी आधी विचारायचो, "तू स्वतः काय घेतलं होतंस?"

नंतर एकदा मांजरसुंब्याच्या रस्त्याला तो मेंढरांमागे एकटाच चालताना दिसला. फार वाईट वाटलं. गाडी थांबवली, पण बायको परत आली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.