पाण्याकडे गेलेली पावलं

गेल्या वर्षी दर रविवारी सकाळी मी पालघरहून जवळच्याच माहीमच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. तिथल्या मच्छीमारांच्या सहा मुली, आठ-नऊ वर्षांच्या, माझ्याकडे धावायला यायच्या. मी शाळेत खेळ शिकवते. तिथे शिट्टी वाजल्याशिवाय कुणी हलत नाही. इथे तसं नको होतं मला. किती धावायचं, कुठवर जायचं, ते मुलींनीच ठरवायचं. चारेक महिन्यांत त्या माझ्या आधी येऊन सुरुवात करू लागल्या. मला कोण अभिमान वाटायचा.

थंडीतल्या एका रविवारी स्कूटर बंद पडली आणि मला उशीर झाला. पोचले तर किनाऱ्यावर दाट धुकं. मुलींच्या चपला वर कोरड्या वाळूत ठेवलेल्या होत्या, मुली नव्हत्या. ओल्या वाळूत पावलांचे ठसे शेजारच्या केळवे गावाच्या दिशेने गेले होते आणि पुढे खाली, पाण्याकडे वळले होते. परत येणारा एकही ठसा नव्हता. भरती लागली होती. मी हाका मारत चालले. माझ्यासमोर एकेक ठसा पाण्याखाली जात होता. गुडघाभर पाण्यात शिरले तेव्हा मागून, सुरूच्या बनातून, हसण्याचा आवाज आला.

सहाही जणी होत्या. मी धावत जाऊन सगळ्यांत मोठीचा दंड धरला आणि खूप ओरडले. कुणाला विचारून गेलात, म्हणाले. ती हळूच म्हणाली, "तुमीच बोललात ना बाई, इचारायचं नाय. पानी चढाया लागलं म्हनून आमी वरनं, बनातनं आलो."

मी तिचा दंड सोडला. मी येईपर्यंत कुणी धावायचं नाही, एवढं बजावून मी निघाले.

त्यांनी ऐकलं. पुढच्या रविवारी त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. धावा म्हटल्यावर थोड्या धावल्या आणि थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. असे तीन रविवार गेले.

मग मोठीच्या आईकडे गेले. ती बोंबील वाळत घालत होती. झालेलं सगळं तिला ठाऊक होतं.

"भरतीची येळ माज्याकडनं इचारून घ्या," ती म्हणाली. "पन पोरींसमोर भिऊ नका. भ्यायला त्या लगेच शिकतात."

आता शनिवारी तिला फोन करते. बंदी मी उठवली. पाच जणी पुन्हा आपापल्या पुढे जातात. धाकटी मात्र मला सोडत नाही. लाट जवळ आली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग पाण्याकडे.