विठ्ठलरावांचा दमा

“हे ऑडिओबुक आहे की दवाखाना?” हेडफोन टेबलावर टाकत गणेश सर म्हणाले. सर लातूरचे, आमच्या नांदेडच्या स्टुडिओचे मालक. मी तिथे साउंड इंजिनिअर.

हेडफोनमधला आवाज कंधारच्या विठ्ठलरावांचा होता. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात काढली. त्याच काळात एक भयकादंबरी लिहिली, ‘बंद बंगल्यातलं शूटिंग’. एक फिल्म युनिट पछाडलेल्या बंगल्यात उतरतं आणि युनिटच्या साउंडवाल्याला रिकाम्या खोलीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी ऐकू येतं. पुस्तक स्टँडवरच्या बुकस्टॉलवर थोडं खपलं, मग लोक विसरले. आता अशाच मागे पडलेल्या भयकादंबऱ्यांची ऑडिओबुक करायचं काम आम्हाला मिळालं होतं. साउंडवाला नायक असलेली कादंबरी मी सोडते होय? ती मीच सुचवली.

अडचण एकच. विठ्ठलरावांना स्वतः वाचायचं होतं, आणि त्यांना दमा होता. दर वाक्यानंतर भात्यासारखा श्वास.

“पुण्याचा व्हॉइस आर्टिस्ट घेऊ,” सर म्हणाले. “कादंबरी ह्यांची, आवाज त्याचा. काय बिघडतंय?”

विठ्ठलरावांनी ते ऐकलं. माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, माझं पुस्तक कोनी वाचलं न्हाई. आता मीच वाचून राहिलो, तर तेबी नको व्हय?”

मला राग आला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारलेल्या माणसानं स्वतःची गोष्टसुद्धा सांगू नये?

“सर, मी करून दाखवते. नाही जमलं तर करा पुण्याला फोन.”

आमच्या धंद्यात वाचणाऱ्याचे श्वास कापतात. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते. त्यातला श्वासाचा तुकडा काढायचा आणि तिथे रूम टोन भरायचा. रूम टोन म्हणजे खोलीची स्वतःची शांतता. ती प्रत्येक खोलीची वेगळी असते, म्हणून आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. मी हट्टाला पेटले आणि अख्खी कादंबरी साफ केली. ऐकली, तर भूत बंगल्यात नाही, फलाटावर लागलंय असं वाटलं. भीती औषधालाही उरली नव्हती.

डोकं धरून बाहेर आले. बाकावर शकुंतलाकाकू बसल्या होत्या, विठ्ठलरावांच्या पत्नी. सहज विचारलं, “काकू, काकांच्या या श्वासाच्या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते हो?”

“आवाजानं कुठं जाग येती माय? लई वर्सं झाली, सवय हाय. थांबला की उठते. हात लावून बघते, हायेत का न्हाई ते.”

मी तशीच आत गेले. कापलेले सगळे श्वास परत जागेवर बसवले. फक्त शेवटचं प्रकरण वेगळं ठेवलं. त्यात साउंडवाला रिकाम्या बंगल्यात हेडफोन लावून एकटाच बसतो. तिथले श्वास कापलेलेच राहू दिले, मध्ये नुसता रूम टोन.

गणेश सर ऐकायला बसले. आधी कपाळाला आठ्या. हळूहळू त्या गेल्या. कानाला सवय झाली होती. शेवटचं प्रकरण सुरू झालं, तसे ते खुर्चीत पुढे सरकले. मग हेडफोन काढून तडक बाहेर गेले. मीही मागोमाग.

विठ्ठलराव बाकावर बसून चहात खारी बुडवत होते.

“काका, बरे आहात ना?” सरांनी विचारलं.

“हाव. का बरं?”

सर मागे वळले. आत येऊन घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, “पुण्याचं राहू दे.”

कादंबरी विठ्ठलरावांच्याच आवाजात आली. ऐकणारे कळवतात की शेवटी का घाबरलो तेच समजत नाही. मला समजतं. घाबरवायला नवीन काही घालावं लागत नाही, सवयीचं तेवढं काढून घ्यावं.

हे मला काकूंनी शिकवलं, म्हणून बाहेर येण्याआधीच पूर्ण ऑडिओबुक त्यांना ऐकवायला बसले होते. शेवटचं प्रकरण लागलं आणि त्यांनी माझा हात धरला.

“तेवढं बंद कर माय. ते मी न्हाई ऐकत.”