ढालकऱ्यांचं तळं

"मला विचारलं होतंस?" गुरोमावशी म्हणाली.

"तुझ्यासाठीच तर मासे वर नेले! उन्हाळाभर लापशी नि ताक, ताक नि लापशी, म्हणून कोण कुरकुरत होतं?"

"मी लापशीला नावं ठेवली. तळ्याला ठेवली होती का?"

"अख्खं खोरं वाखाणतंय, गुरो. एकेक मासा कोपरापर्यंत लांब!"

"खोरं ताटाकडे बघतं. तू पाण्याकडे बघ. ढालकरी कुठे गेले? गरगरी पाखरं कुठायत? बोल ना! गिळलं सगळं तुझ्या माशांनी. स्वैनुंगा, ऐकून ठेव. ढालकरी परत दिसेपर्यंत मी त्या तळ्याचं तोंड बघणार नाही, आणि त्यातल्या माशाचा काटाही माझ्या तोंडात जाणार नाही."

मी तेव्हा नऊ वर्षांची. उन्हाळ्यात शेजारच्या गुरोमावशीच्या डोंगरावरच्या गोठ्यात शेळ्या वळायला असायचे. फळ्यांच्या भिंतीपलीकडे चीजची कढई खरवडत होते, ती तशीच टाकून भिंतीला कान लावला. कढई करपली, पाठीत धपाटा बसला. पण भांडण पुरतं ऐकलं, आणि ते पुढे पंचावन्न वर्षं चाललं, म्हणून धपाट्याचं काही वाटत नाही.

स्वैनुंग म्हणजे गुरोमावशीचा धाकटा भाऊ. दोघांनी लग्नं केली नाहीत, दोघं एकाच घरात राहिली, एकाच चुलीवर कॉफी उकळायची. त्याच्याबद्दल लिहावं असा तो काही मोठा माणूस नव्हता. त्याने एक चूक केली आणि ती जन्मभर निस्तरली, एवढंच. बाकीचे आम्ही चूक करून पुढच्या कामाला लागतो.

आधी तळं सांगायला हवं. आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं, की फार पूर्वी डोंगरावर बर्फाचा ढीग बसला होता. बसला तो बसलाच, हजारो वर्षं. उठून गेला तेव्हा बुडाखाली खळगा राहिला आणि समोर त्याने ढकलून आणलेल्या दगडांचा बांध. खळग्यात पाणी साचलं ते आमचं तळं. मी शाळेत पाच हिवाळे गेले, तेही एक दिवसाआड, पण हे मात्र एका बैठकीत समजलं. जड माणूस गादीवरून उठला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

तळं लहान. या काठावरून शेळीला हाक मारली तर त्या काठावरची शेळी मान वर करायची. जून संपता संपता बर्फ कडेने सुटायचा, मधला तवा तरंगत राहायचा, आणि एखाद्या दुपारी वारा सुटला की तोही काचेच्या झुंबरासारखा किणकिणत फुटायचा. मग पाणी इतकं नितळ, की ढग वर आहे की खाली, कळू नये. मी काठावर पालथी पडून आत बघत राहायचे. बघता बघता आपण वर आहोत की खाली, तेही कळेनासं व्हायचं. तळाशी मऊ पिठासारखा गाळ, आणि गाळावरून ढालकरी चालायचे. बोटाच्या पेराएवढा जीव, पाठीवर गोल ढाल, मागे दोन शेपट्या, खाली मोजता न येणारे पाय. कुठे जायची घाई नाही. बर्फाच्या वेळेपासून ते असेच चाललेत, असं मास्तर म्हणायचे. त्यांची अंडी गाळात वर्षानुवर्षं झोपून राहतात.

आणि वर पाण्यावर गरगरी पाखरं. मूठभर जीव, पण भोवऱ्यासारखी गोल गोल फिरून पाणी ढवळायची आणि वर आलेले किडे टिपायची. यांच्यात मादी नटवी. अंडी घालते नि निघून जाते. नर बसतो उबवत. गुरोमावशी म्हणायची, "देवाने एवढी एकच जात नीट विचार करून केली." हिवाळ्यात ही पाखरं कुठे तरी अरबस्तानाखालच्या ऊन समुद्रावर जाऊन गरगरतात म्हणे. जावोत. उन्हाळ्याला परत येत, तेवढं पुरे होतं.

तळ्यात मासा नव्हता. ओढा जिथून खाली उतरतो तिथे उभा धबधबा, तो चढून मासा यायचा नाही. आता आमच्या खोऱ्याची जुनी खोड अशी, की बिनमाशाचं तळं दिसलं की हात शिवशिवतात. पाठीवर लाकडी पिंप बांधायचं, त्यात खालच्या नदीतले मासे घालायचे आणि वर चढायचं. फक्त वाटेत थांबायचं नाही. पाणी डुचमळत राहिलं तर मासा जगतो, निवांत झालं की मेला. स्वैनुंग तेव्हा वीस वर्षांचा होता. पुलाजवळ पाद्रीबाबा भेटले तेव्हा टोपी तर काढायलाच हवी, म्हणून जागच्या जागी उड्या मारत त्याने टोपी काढली. पाद्रीबाबा म्हणाले, "देव तुला शांत करो, मुला." तो म्हणाला, "आज नको, पाद्रीबाबा!" आणि गेला चढत.

सतरा मासे नेले होते. पहिली तीन वर्षं ते ढालकरी खाऊन लोण्यासारखे माजले, आतून लाल. लोक चाखायला वर यायचे. चौथ्या उन्हाळ्यात एकही ढालकरी उरला नाही, पाखरं आली, एक दिवस गरगरली आणि उडून गेली. त्याच दिवशीचं ते भांडण. पुढे माशांची पोरं झाली, पोरांना पोरं झाली, खायला काही नाही. डोकं मोठं, अंग वाळक्या शेंगेसारखं.

स्वैनुंगने चूक कबूल केली नाही. माणसं करत नाहीत. अकरा वर्षांनी एका सकाळी मात्र खांद्यावर जाळं टाकून निघाला. मी विचारलं, "कुठे, स्वैनुंगकाका?"

"पाहुणे फार दिवस राहिलेत. त्यांना आणायला."

मग दर उन्हाळ्याला तेच. बर्फ सुटला की जाळं, आठवडेच्या आठवडे. शरद ऋतूत मासे अंडी घालायला ओढ्याच्या तोंडाशी येत, ते तोंड दगडांनी बुजवायचं. खाली आणलेले मासे तोच खाणार. टेबलाच्या एका टोकाला तो काटे काढतोय, दुसऱ्या टोकाला गुरोमावशी लापशी खातेय.

"चव आहे," तो म्हणायचा.

"असेल," ती म्हणायची. "ढालकऱ्यांची आहे ती."

लोक हसले. मग विसरले. मग वरचे गोठेच बंद पडले, आणि तळ्याकडे जाणारा तो एकटा उरला. एका वर्षी जाळ्यात नऊच मासे आले, एका वर्षी दोन. मग एक म्हातारा मासा, मोठ्या डोक्याचा. स्वैनुंग म्हणाला, "माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याला उशिरा न्यायला आलो." त्यानंतर तीन उन्हाळे जाळं रिकामं आलं. तरी तो टाकतच राहिला.

पाखरं आधी आली. दोन. गरगरली आणि राहिली. त्याने ते घरी सांगितलं नाही, मला सांगितलं. "पाखरांची अट नव्हती," म्हणाला. "ढालकऱ्यांची आहे." पण तोवर गुरोमावशीचे गुडघे गेले होते. चुलीपासून खिडकीपर्यंत काठीने जायची. ढालकरी आले तरी ती तळ्याचं तोंड बघणार कसं, हे मी बोलले नाही. 

तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुढे पहिला बर्फ पडायच्या आत तो गेला, म्हणजे ही त्याची वरची शेवटची खेप. मी त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेले होते. दुपारचं स्वच्छ ऊन. खिडकीतून पाहिलं तर स्वैनुंग वाटेने खाली येतोय, पाठीला दुधाची किटली, आणि चालता चालता खांदे हलवतोय, डुचुक डुचुक.

"वेड लागलं याला," मी म्हटलं.

गुरोमावशी काठी घेऊन उठली.

त्याने किटली टेबलावर ठेवली आणि हाताने हलवत राहिला. "बघ."

तिने चष्मा लावला, वाकली. तळाशी थोडा गाळ, आणि गाळावर एक ढालकरी, ढाल सावरत, पाण्याच्या हिंदकळ्यात आपल्या वाटेने चाललेला. गुरोमावशी इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं आता ती नऊ वर्षांची होऊन पालथी पडेल. किटलीतला उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता.

"एकच?"

"एकच आणला. तिथे खूप आहेत, गुरो. मोजता येत नाहीत."

"हं," ती म्हणाली. डोळे पुसले की चष्मा, ते दिसलं नाही. "आता नेऊन सोड त्याला."

"आत्ता? अगं, माझे गुडघेही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत."

"खाली आणताना त्याला विचारलं होतंस?"

स्वैनुंगने झाकण लावलं. मी म्हटलं, "काका, कॉफी तरी घ्या बसून."

"थांबता येत नाही गं पोरी," तो म्हणाला. मी साठी ओलांडली होती, तरी पोरच. उंबऱ्यात उभ्याने, गुडघ्यात हलत, त्याने अर्धा पेला घेतला. अर्धा शर्टावर गेला.

"लापशी झाकून ठेवते," गुरोमावशी मागून म्हणाली.

आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. पुलाजवळ त्याला टपालवाली भेटली. त्याने टोपी काढली, जागच्या जागी चार उड्या मारल्या, आणि चढायला लागला.