उंबऱ्याशी काढलेल्या चपला

ऑफिसातून येऊन सोफ्यावर नुसता पडलो होतो. टीव्हीवर जुन्या जपानात शिरलेल्या अमेरिकनांचा एक स्वस्तातला सामुराईपट चालू होता. सेटवरचं दार लोटलं की पुठ्ठ्याची भिंतही हलायची. गोरा नायक बुटांसकट एका घरात घुसला. तलवार उपसून त्याच्यामागे धावलेला म्हातारा जपानी सैनिक मात्र उंबऱ्याशी थबकला, त्याने चपला काढल्या, आणि मग आत जाऊन मेला.

"मरायला निघालाय, तरी चपला काढल्या बघ," बायको म्हणाली.

मला वाटलं, शूटिंगमध्ये दिवसभर मरून मरून दमला असेल बिचारा नट. अशा वेळी माणूस अभिनय विसरतो, पाय विसरत नाहीत. पुठ्ठ्याच्या घराचाही उंबरा त्यांनी ओळखला.

मला खऱ्या घरात येऊन तास झाला होता. बूट अजून पायातच होते.