मफलरला माप नसतं

सुट्टीला निघताना कुठल्या साड्या घ्यायच्या हा प्रश्न मला कधी पडला नाही. चार घेतल्या, घडी घातली, झालं. माझा जीव अडकतो तो विणकामात. बरोबर कुठलं विणकाम न्यायचं याचा घोळ मी आठ दिवस आधीपासून घालते आणि ते आठही दिवस आमचे हे मला बोलून घेतात. कोल्हापुरात स्वेटर अंगावर राहतो जेमतेम महिना-दीड महिना, आणि ही बाई बारा महिने लोकर घेऊन बसलेली, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, पण मी ते कबूल करत नाही.

गेल्या डिसेंबरात मुलानं सुट्टी ठरवली ती पन्हाळ्याला. पुण्यात राहून पोरगं आपलं गाव विसरलं, असंच वाटलं मला. कोल्हापूरचा माणूस पन्हाळ्याला जातो तो झुणका-भाकर खायला आणि दिवेलागणीला घरी परत येतो. तिथे मुक्काम कोण करतं? यांनी फोनवरच त्याला सुनावलं, "आरं, तासाभरात जाऊन येत्यात तितं. भाड्यानं ऱ्हातंय व्हय कोण?" मुलगा हसला. मग म्हणाला, "तिला शांत जागा हवीय, बाबा. आणि तुम्ही दोघं बरोबर हवे आहात, असं तीच म्हणाली."

ती म्हणजे माझी सून. यांनी लगेच तारीख विचारून घेतली.

तीन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. आमच्याकडे बाळ हातात आल्याशिवाय त्याच्यासाठी काही करत नाहीत. नवं कापड आणायचं नाही, पाळणा काढायचा नाही. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागायचं ते जुनेर, वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही, हे चारचौघांत म्हणून दाखवायची मला हौसही होती. तिला पाचवा लागला आणि मी पांढरी लोकर आणली. माझ्या थोरल्या वन्सं शिरोळहून आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या सुया बघितल्या आणि म्हणाल्या, "आगं, आदी इनू नगंस. बाळ तर येऊ दे की हातात." मी म्हटलं, "वन्सं, लोकरीनं कुणाचं काय झालंय आजवर?"

झबलं झालं, टोपडं झालं. रोज संध्याकाळी मी सुनेला फोनवर फोटो पाठवायची. एक मोजं पुरं झालं. दुसऱ्याची टाच वळवत होते तेव्हा मुलाचा फोन आला. सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं.

मी पुण्याला गेले. दवाखान्यात तिच्या खाटेपाशी पेजेचा थर्मास हातात धरून उभी राहिले. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, जवळ घेणं तर लांबच. मला वाटत होतं, आपण हात लावला तर ती झटकून टाकेल. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, मला ते समजलंही होतं, मुलाला मीच ते नीट समजावून दिलं. पण आपण शिकवलेलं आपल्याच कामी येईल असं नसतं. वन्सं नंतर कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

झबलं आणि टोपडं मी कपाटात खाली ठेवून दिलं. ते अर्धं मोजं मात्र सुयांवरून उतरवायला हात होईना. जोडीच्या मोज्यासह सुया लोकरीत गुंडाळल्या आणि विणकामाच्या पिशवीत तळाला सारल्या. त्यानंतर मी फक्त मफलर विणले. मफलरला माप नसतं. तो कुणासाठी आहे हे आधी ठरवावं लागत नाही, ज्याच्या गळ्यात पडेल त्याचा. तीन वर्षांत यांना सात मफलर झाले. "मला काय सात मुंडकी हाईत?" असं ते प्रत्येक नव्या मफलरला विचारायचे.

पन्हाळ्याला निघायच्या सकाळी मी सगळं पलंगावर मांडून बसले. करड्या लोकरीचे सहा गुंडे, आठव्या मफलरसाठी. शेजारणीनं दुरुस्तीला दिलेली शाल. एक कानटोपी, जी दोनदा उसवून झाली होती. आणि ते पांढरं गाठोडं. सुनेबरोबर तीन दिवस एका छताखाली राहायचं होतं. ते बरोबर नेणं मूर्खपणाचं होतं, आणि घरी एकटं ठेवून जाणं मला जमत नव्हतं. आत घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. खालून हे ओरडले, "आवरलं का न्हाय? का गडच हिकडं आणू?" मी घाईनं वर करडे गुंडे कोंबले आणि पिशवी बंद केली.

पहिले दोन दिवस बरे गेले. बापलेक सकाळी तटावरून फिरून यायचे. सून व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायची, मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून मफलर घेऊन बसायची. आम्ही एकमेकींशी फार जपून बोलायचो. चहा ठेवू का, काजू खाणार का. काजू तिच्या माहेरचे, आजऱ्याहून तिच्या आईनं पाठवलेले. कुणाला लागेल असं नाही आणि मनातलंही नाही, असं ते बोलणं.

तिसऱ्या दिवशी दुपारीच वारा सुटला. हे आणि मुलगा बाहेर गेले होते. माझा गुंडा संपला. गुडघे दुखत होते म्हणून मी सहज म्हणाले, "आतल्या पिशवीतला एक गुंडा देतेस?"

ती आत गेली, आणि मग मला आठवलं. परत बोलवायचं तर काय सांगून बोलवायचं? ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या एका हातात करडा गुंडा होता आणि दुसऱ्यात ते पांढरं. लोकर सुटली होती. पुरं झालेलं मोजं तिनं दोन बोटांवर चढवलं होतं.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "आई, मला वाटायचं, तुम्ही आधी विणलंत म्हणून असं झालं. शिरोळच्या आत्या माझ्याशी काही बोलल्या नव्हत्या, तरी वाटायचं. डॉक्टरांनी सांगूनसुद्धा. वर्षभर तुमच्यावर राग होता माझा."

"मला अजून तसंच वाटतंय गं," मी म्हणाले. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन वर्षं लागली. मग रडूच आलं. पदर तोंडाला लावून मी खूप रडले.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "राग गेला कधीच. पण एक सांगू? तेव्हा तुम्ही रोज फोटो पाठवायचात ते बाळाच्या कपड्यांचे. नंतर फोन केलात तर औषध घेतलंस का एवढंच विचारून ठेवायचात. या सगळ्यात मीही होते की, आई."

मी पदरानं तोंड पुसलं.

तिनं मोजं बोटांवरून काढलं, अर्धं राहिलेलं त्याच्या शेजारी ठेवलं, आणि दोन्हींभोवती लोकर परत गुंडाळली. मी पुरं करून देऊ का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. "पुरं करू नका. उसवूही नका. आहे तसं माझ्याकडे राहू दे." गाठोडं तिनं मांडीवर ठेवलं. मग बोट माझ्या सुयांकडे करून म्हणाली, "आणि हे काय, परत मफलर? मला थंडी वाजतेय. मला विणा काहीतरी."

मी सुई ओढून काढली आणि वीतभर झालेला मफलर तिच्यासमोरच उसवला. सहा गुंड्यांत तिला बिनबाह्यांचा स्वेटर बसला असता. पण माप घ्यायला टेप आणली नव्हती, मफलरला ती लागतच नाही. मी तिला पाठ करून उभी राहायला सांगितलं आणि तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी तिच्या पाठीवर हात पहिल्यांदाच ठेवत होते. पाठ बारीक होती आणि वाऱ्यानं गार पडली होती.

दोन विती, वर दोन बोटं. ती जायला वळली तेव्हा मी म्हटलं, थांब जरा, आणि परत एकदा मोजलं.