शाडूचं प्रोटीन

किस्से साचतात ते सांगायला कोणी नसलं की. पूर्वी माझ्याकडे एकही शिल्लक राहत नसे. कॉलेजातून जवळच्या वरसे गावात घरी आलो की चहा होईपर्यंत सगळे बायकोला, सुनंदाला, सांगून मोकळा व्हायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता रोह्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात काही घडलं की मी ते घरी घेऊन येतो आणि ते तसंच पडून राहतं. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

यातले बरेचसे किस्से पी-५३ चे. हे आपल्या पेशीतलं एक प्रोटीन. तरुणपणी मी त्यावर दोन वर्षं संशोधन केलं, मग नोकरी लागली आणि ते सुटलं. बोलायचं मात्र सुटलं नाही. स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की लोकांना एकदम पेपर तपासायचे आठवतात.

*

बारावीच्या वर्गात मी सलग तीन दिवस प्रोटीनवर बोललो. चौथ्या दिवशी जिते गावाहून येणाऱ्या रेश्माने टेबलावर डबा ठेवला. आत मोड आणून सोललेले वाल.

"आईने दिलेत. तुम्ही प्रोटीन प्रोटीन करताय म्हणून."

"अगं, ते प्रोटीन वेगळं. आणि सोलून कशाला दिले?"

"आई बोलली, सरांच्या घरी सोलायला कोन हाय?"

बिरडं मीच केलं. अंदाज चुकला, चार जणांचं झालं. तीन दिवस तेच खाल्लं.

*

फिजिक्सचे मुकादम सर माझं सगळं ऐकून घेतात, कारण त्यांची खुर्ची माझ्या शेजारी आहे. त्यांना एकदा सांगितलं, "एकट्या पी-५३ ला डीएनए नीट धरता येत नाही. तशीच चार जणं एकमेकांना बिलगतात, तेव्हा पकड बसते."

"आम्ही पण चार भाऊ," ते म्हणाले. "तिघं कुवेतला. आईला उठवून बसवायचं तर मी शेजाऱ्याला हाक मारतो."

चौघांतला एक बिघडला की काय होतं, ते पुढचं मी त्या दिवशी सांगितलं नाही.

*

सुनंदाचा रिपोर्ट आला तेव्हाची गोष्ट. कॅन्सर कशामुळे पसरतोय ते डॉक्टर समजावत होते. एका प्रोटीनमध्ये बिघाड आहे म्हणाले, आणि त्याचं नाव घेतलं. पंचवीस वर्षं चहाबरोबर तेच नाव ऐकलेली सुनंदा माझ्याकडे वळली.

"अहो, हा तर तुमच्या ओळखीतला निघाला!"

येताना वडखळला गाडी थांबवून तिने मिसळ खाल्ली. मी नुसता बसून होतो.

*

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी पी-५३ चं मॉडेल करायचं ठरवलं. पेणला नंदूचा गणपतीचा कारखाना आहे, त्याच्याकडे चित्रं घेऊन गेलो. चार प्रोटीन, मध्ये डीएनएचा पीळ. प्रत्येकाची पाठ चौकटीसारखी ताठ, पुढे बोटांसारखे फाटे, आणि फाटे जागेवर राहावेत म्हणून जस्ताचा एक अणू. नंदूने सगळं नीट बघितलं.

"डोळे कुठं काढायचे सर?"

"प्रोटीनला डोळे नसतात."

"मग त्याला दिसनार कसं?"

डोळ्यांची आखणी हे त्याचं खास काम, त्यामुळे तो जरा हिरमुसला. पण महिन्याभरात शाडूचं मॉडेल सुंदर झालं. रेश्माने प्रदर्शनात ते धडाधड समजावलंही. परीक्षकांनी एकच चूक काढली: डीएनएचा पीळ उजवा असतो, हा डावा आहे. नंबर हुकला.

मी नंदूला फोन केला. "चित्रात उजवा होता ना रे?"

"व्हता. पन तुम्ही बोललात, नंतर घरीच ठेवनार. गणपतीच्या सोंडेगत उजवीकडं वळला की कडक होतो सर, मग त्याचं सोवळं सांभाळायला लागतं. एकट्या मानसाला झेपनार नाय."

*

तरी चूक नंदूच्या मनाला लागली असावी. मागच्या रविवारी सकाळी तो शाडूचा गोळा आणि रंगाची पेटी घेऊन माझ्याकडे वरशाला आला. पीळ नवा करून देतो म्हणाला. मॉडेल टीव्हीच्या शेजारी होतं. मी चहा टाकला, बऱ्याच दिवसांनी दोन कप. मॉडेल बघता बघता त्याने विचारलं, "सर, ह्यो काम काय करतो?"

असं मला सुनंदानंतर कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. डीएनएला इजा झाली की हे चौघं त्याला धरतात आणि पेशीची वाढ थांबवतात. दुरुस्ती होईपर्यंत वाढू देत नाहीत. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीलाच संपवतात. पण चौघांतला एक जरी बिघडला, तरी पकड सुटू शकते. मग पेशी वाढतच जाते.

"वहिनींचं तेच झालं?"

"तेच."

नंदूने कप बाजूला सरकवला. मग त्याने मॉडेल हळूच स्वतःकडे ओढलं, पेटीतला सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि त्याचं टोक ओठांनी ओलं केलं.

"तरी मी तुम्हाला तवाच बोललो व्हतो सर. डोळ्यांबिगर त्याला दिसनार कसं?"

मी उठून उजेडासाठी खिडकी पूर्ण उघडली.